एक ओळ म्हणजे नेमकी कशाची?

मी बोलतोय अकोल्याच्या जठारपेठेतून. मागे जी घरघर ऐकू येतेय ती कूलरची आहे. एप्रिलच्या अकोल्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. क्वेरी चालते, एरर येत नाही, आकडाही येतो, पण तो आकडा पटत नाही. खरेदी जास्त दिसते, गिऱ्हाइकं जास्त दिसतात, सरासरी कुठल्या कुठं जाते. एरर आली तर आपण निदान थांबतो. इथं काहीच थांबवत नाही. रिपोर्ट छापला जातो, साहेबांच्या टेबलावर जातो, आणि त्यावर निर्णय होतो. म्हणून मला एररपेक्षा या प्रकाराची जास्त धास्ती वाटते.

असं झालं की पहिली शंका लोक 'सम'वर घेतात. सॉफ्टवेअरच्या बेरजेत काही गडबड आहे का? नसते हो. बेरीज बरोबरच असते, फक्त ती आपल्याला वाटतात त्या ओळींची नसते. त्यामुळे फंक्शनकडं बघत बसण्यापेक्षा त्याच्या आधी तयार झालेल्या ओळी बघायच्या, आणि स्वतःला विचारायचं: या टेबलात एक ओळ म्हणजे एक काय? एक शेतकरी, एक पावती, एक पोतं, की एक हप्ता?

आपल्याकडं हा प्रश्न तलाठ्यानं कॉम्प्युटरच्या किती तरी आधी सोडवून ठेवलाय. सातबारा बघा. सातबारा असतो गटाचा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा. त्या तुकड्यावर चार भावांची नावं असू शकतात. आणि एका माणसाच्या नावावर गावात किती जमीन आहे हे बघायचं असेल तर सातबारा नाही, आठ-अ मागतात, कारण आठ-अ खातेदाराच्या हिशेबानं बनतो. जमीन तीच, गाव तेच, पण कागद दोन. काहून? कारण एका कागदाची ओळ म्हणजे जमीन आणि दुसऱ्याची ओळ म्हणजे माणूस.

आता हे डेटाबेसमध्ये आणा. एक टेबल गटांचं, एक खातेदारांचं. गट नंबरवर जॉइन केलं आणि क्षेत्राची सम काढली. पाच एकराच्या गटावर चार भाऊ असतील तर जॉइननंतर त्या गटाच्या चार ओळी होतात, प्रत्येकीत पाच एकर लिहिलेलं. बेरीज वीस एकर. एकट्याच्या नावावरचे गट बरोबर येतात, सामाईक गट फुगतात. गावाची एकूण जमीन गावाच्या नकाशापेक्षा मोठी होते. जॉइननं चूक केली नाही, त्यानं जोड्या लावल्या, आणि जोड्या लावणं हेच त्याचं काम आहे.

एवढं कळलं तर अर्धा एपिसोड झाला. पण दोन-दोन जॉइन एकत्र आले की यातून काय होऊ शकतं, त्याचा एक किस्सा सांगतो.

अकोल्यात डाळ मिल किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, एमआयडीसीत फिरलात तर वासावरूनच कळतं. अशाच एका मिलचं काम बाबांच्या ओळखीतून माझ्याकडं आलं. नाव सांगणार नाही. मी नोकरी पुण्यातल्या कंपनीची करतो, घरून, आणि असली कामं रविवारी. शेठजींचा फोन आला तो सरळ चोरी पकडायला मदत करा असाच. नवीन सॉफ्टवेअर बसवून तीन महिने झाले होते. रिपोर्टप्रमाणे हंगामात तुरीची खरेदी ३,१४० क्विंटल. भरडलेली आणि गोदामात पडलेली मिळून तूर २,२१५ क्विंटल. फरक ९२५ क्विंटलचा. सात हजारांच्या भावानं धरा, पावणेपासष्ट लाख रुपये होतात. गोदाम आणि आवक सांभाळणारे मुनीमजी बावीस वर्षांपासून तिथं. शेठजींनी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या होत्या, आणि सोमवारी पोलिसात जायचं ठरलं होतं. मी गेलो तो रविवार होता.

मुनीमजी बाहेर ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "काका, आत या ना, मला पावत्या समजून घ्यायच्या आहेत." ते म्हणाले, "शेठनं बोलावलं तं येतो." शेठजींनी मान हलवली तेव्हा आले. त्यांच्याकडं स्वतःची एक वही होती. कॉम्प्युटर आल्यावर वही बंद करायला सांगितलं होतं, त्यांनी बंद केली नव्हती. त्या वहीचा आकडा मिलच्या मालाशी जुळत होता. पण कॉम्प्युटर खोटा कसा असेल, म्हणून वहीलाच खोटं धरलं होतं. शेठजींनी आपल्या परीनं तपासणी केलीही होती, असं नाही की डोळे झाकून आरोप केला. दोन पावत्या काढून रिपोर्टशी ताडून पाहिल्या, दोन्ही अगदी बरोबर निघाल्या. तिथं त्यांचा विश्वास पक्का झाला.

आता त्या डेटाबेसची रचना सांगतो, नीट ऐका. एक टेबल पावतीचं. एका पावतीवर माल दोन-तीन खेपांत येऊ शकतो, म्हणून काटापट्टीचं वेगळं टेबल, दर खेपेची एक ओळ. आणि पैसे हप्त्यानं जातात, म्हणून हप्त्यांचं तिसरं टेबल. रचना चांगली होती, त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. रिपोर्टमध्ये तिन्ही टेबलं पावती क्रमांकावर एकाच क्वेरीत जॉइन केली होती, आणि वर वजनाची सम आणि रकमेची सम.

मी पूर्ण रिपोर्टला हात लावला नाही. एक पावती घेतली, पण मुद्दाम मोठ्या कास्तकाराची. दोन खेपा, १८ क्विंटल आणि १२ क्विंटल, एकूण ३०. भाव सात हजार. रक्कम २ लाख १० हजार, सत्तर-सत्तर हजारांचे तीन हप्ते. मग सम, ग्रुप बाय सगळं काढून टाकलं आणि फक्त जॉइन चालवला. किती ओळी आल्या? सहा. दोन खेपा गुणिले तीन हप्ते. प्रत्येक खेपेची प्रत्येक हप्त्याशी जोडी. खेपेचा हप्त्याशी तसा काहीही संबंध नाही, पण दोघांची पावती एकच, म्हणून डेटाबेसनं त्यांची लग्नं लावून दिली. वजन झालं तिप्पट, ९० क्विंटल. रक्कम झाली दुप्पट, ४ लाख २० हजार. भागून पाहिलं तर भाव पडतो ४,६६७ रुपये, आणि पावतीवर लिहिलाय सात हजार. त्या भावात तूर देणारा कास्तकार मला दाखवा.

आणि शेठजींनी तपासलेल्या दोन पावत्या? दोन्ही लहान शेतकऱ्यांच्या. एक खेप, एक हप्ता. एक गुणिले एक, एक. त्या कधी चुकणारच नव्हत्या. म्हणून सांगतो, ताडून बघायला पावती निवडताना सगळ्यात गुंतागुंतीची निवडा. साधी ओळ सगळ्या क्वेरीत पास होते.

मी तिथूनच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो का? सममध्ये डिस्टिंक्ट टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे." आणि खरंच टाकलं त्यानं, दुरून कनेक्ट होऊन. वजन आलं ३०. शेठजी खुश. मी म्हटलं थांबा, रक्कम बघू. रक्कम आली ७० हजार. कारण सम डिस्टिंक्ट सारखे आकडे एकदाच धरतं. तीन हप्ते सारखेच, त्यामुळे दोन हप्ते हिशेबातून गायब. त्या रिपोर्टप्रमाणे मिल त्या कास्तकाराचं १ लाख ४० हजार देणं लागत होती. वजनं वाचली ती केवळ १८ आणि १२ वेगळी होती म्हणून. दोन्ही खेपा पंधरा-पंधराच्या असत्या तर तिथंही अर्धा माल उडाला असता. हा डिस्टिंक्ट म्हणजे दुखणं न बघता दिलेली वेदनाशामक गोळी आहे, आणि ती आपल्या धंद्यात फार खपते. ओळी का वाढल्या हे सांगता येत नसेल तोवर डिस्टिंक्ट लिहायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा उपाय दहा मिनिटांचा होता. आधी एकट्या काटापट्टीच्या टेबलावर पावती क्रमांकानं ग्रुप बाय करून वजनाची बेरीज करा, म्हणजे एका पावतीची एकच ओळ उरते. तसंच वेगळं, एकट्या हप्त्यांच्या टेबलावर. मग या दोन तयार बेरजा पावतीच्या टेबलाला लेफ्ट जॉइननं जोडा. एकास एक, एकास एक. ओळ वाढायला जागाच नाही. बेरीज आधी, जोडणी नंतर.

नवीन आकडा आला २,२३१ क्विंटल. मिलमध्ये २,२१५. फरक सोळा क्विंटल, पाऊण टक्क्याच्या आत. तूर सुकते, पोत्यातून गळते, तेवढी घट सगळीकडं धरतात. मुनीमजींच्या वहीत तोच आकडा होता, दोन-तीन क्विंटलच्या फरकानं. शेठजींनी किल्ल्या परत दिल्या. माफी-बिफी काही झाली नाही. चहा सांगितला, आणि मुनीमजींना म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या, दोन गाड्या आहेत." मुनीमजी हो म्हणाले. मला त्या हो मध्ये काय होतं ते अजून कळलेलं नाही.

हे झालं एका मिलचं. हाच प्रश्न राज्याच्या पातळीवर कसा दिसतो तेही बघा. जून २०१७ मध्ये आपल्याकडं कर्जमाफी जाहीर झाली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंतची माफी, ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी. हे आकडे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते. आता आपला प्रश्न लावा: एक ओळ म्हणजे एक काय? बँकेच्या टेबलात ओळ असते कर्जखात्याची. एका कास्तकाराचं सोसायटीमार्फत जिल्हा बँकेत पीककर्ज, राष्ट्रीयीकृत बँकेत दुसरं, शिवाय विहिरीचं मध्यम मुदतीचं तिसरं, असं असू शकतं. योजनेचा अर्ज मात्र कुटुंबाचा होता. आणि भाषणातला शब्द शेतकरी. खातं, माणूस, कुटुंब, अशी तीन वेगळी मोजमापं, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे आधार क्रमांक. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बातम्या आल्या की बँकांकडून आलेल्या याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आहे. ज्या क्रमांकावर ग्रुप बाय करायचं तोच वेगळेपणानं भरलेला नसेल तर अनेक माणसांची एक ओळ होते. मिलमध्ये एकाचे सहा झाले, इथं उलट, अनेकांचा एक. राजकारण बाजूला ठेवा, मला त्यात पडायचं नाही. पण रात्रभर आपले सरकार केंद्राबाहेर अर्ज भरायला रांगेत बसलेल्या माणसाचं नाव यादीत येणं न येणं अशा एका कॉलमवर अवलंबून असू शकतं, हे डेटाबेसवाल्या माणसानं विसरू नये.

आता 'नल'. यावर भराभर जातो. काउंटमध्ये स्टार दिला तर तो ओळी मोजतो. काउंटमध्ये कॉलम दिला तर नल सोडून मोजतो. त्यामुळे लेफ्ट जॉइन केल्यावर ज्यानं एकही पोतं विकलं नाही त्याच्यापुढं काउंट स्टार एक दाखवतो, कारण रिकामी का होईना, ओळ आहे. तिथं पावती क्रमांकाचा काउंट घ्या, शून्य येईल. तसंच लेफ्ट जॉइन करून खाली व्हेअरमध्ये उजव्या टेबलाची अट टाकली, समजा हप्त्याची तारीख मार्चनंतरची, तर ज्यांचा हप्ताच नाही ते सगळे गळतात. लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. अट ऑनमध्ये टाका. आणि एकही ओळ नसेल तर काउंट शून्य देतो, पण सम नल देतं. पुढं त्या नलमध्ये काही मिळवलं की उत्तरही नल. बाकीचा हिशेब मुकाट्यानं रिकामा होतो.

सरासरीचं तर विचारू नका. ॲव्हरेज नल सोडून देतं, ना बेरजेत धरतं ना भागाकारात. हे बरोबर की चूक, ते नलचा अर्थ काय यावर ठरतं. पावसाचं घ्या. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस हा निकष आपल्या सगळ्यांना पाठ आहे. समजा एका तालुक्यात आठ मंडळं, सहा ठिकाणी ७० मिलिमीटर पाऊस झाला, दोन ठिकाणचं यंत्र बंद. नल ठेवलं तर सरासरी ७०. कोणी शहाण्यानं 'रिकामं दिसायला बरं नाही' म्हणून तिथं शून्य भरला तर सरासरी ५२.५. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन गोष्टींसाठी एकच शून्य वापरला, आणि पाऊस कमी झाला. निकष मंडळाचा आहे, तालुक्याच्या सरासरीचा नाही, ते खरं. पण ज्या मंडळाचं यंत्र बंद होतं तिथल्या कास्तकाराच्या ओळीत शून्य बसला तर त्याचं काय, विचार करा.

याला लागूनच सरासरीची सरासरी. कापसाचं उदाहरण. एका बाजारात १० क्विंटल आवक, भाव ७,५००. दुसऱ्यात ५०० क्विंटल, भाव ६,८००. समजायला धरलेले आकडे आहेत, आजचा भाव म्हणून घेऊ नका. दोन भावांची सरासरी काढली तर ७,१५०. पण आवकेनं तोलून काढली, म्हणजे एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल, तर ६,८१४ च्या आसपास. विदर्भातला कास्तकार पहिला आकडा ऐकून पऱ्हाटी विकायला निघाला तर त्याला तो भाव कुठं भेटणार? भाव, टक्का, प्रमाण, यांची सरासरी काढायची वेळ आली की वरचा आकडा वेगळा जोडा, खालचा वेगळा जोडा, भागाकार सगळ्यात शेवटी.

तारखांचंही एक सांगतो, एका ऐकणाऱ्यानं दूध संकलन केंद्राबद्दल विचारलं होतं. त्यांचं रोजचं दूध एका दिवशी जास्त, एका दिवशी कमी दिसतं, महिन्याची बेरीज मात्र जवळपास बरोबर. ही लक्षणं ऐकली की मी आधी वेळ बघतो. सर्व्हर वेळ ठेवतो यूटीसीत. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. पहाटे पाच वाजता आलेलं दूध सर्व्हरच्या लेखी आदल्या रात्री साडेअकराचं, म्हणजे कालच्या तारखेचं. साडेपाचनंतरचं आजचं. एकाच सकाळचं दूध दोन दिवसांत वाटलं जातं. तारीख काढायच्या आधी वेळ भारतीय वेळेत बदला, मग ग्रुप बाय करा. आणि महिन्याची बेरीज 'जवळपास' का? बिटवीन एक ते एकतीस तारीख लिहिलं असेल तर एकतीस म्हणजे एकतीसच्या रात्री बारा वाजता, दिवस सुरू होताना. त्या दिवसाचं बाकी दूध बाहेर. त्याऐवजी एक तारखेपासून ते पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधीपर्यंत, असं लिहा.

शेवटचा मुद्दा, कारण परवाच एका मित्राशी यावरून वाद झाला. जुन्या मायएसक्यूएलमध्ये ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम तुम्ही सिलेक्टमध्ये टाकू शकत होता. गावानं ग्रुप केलं आणि सोबत शेतकऱ्याचं नाव मागितलं, तर तो त्या गावातलं कुठलंही एक नाव उचलून द्यायचा. कुठलंही म्हणजे खरोखर कुठलंही. २०१५ साली आलेल्या ५.७ पासून हे मूळ सेटिंगमध्येच बंद केलं, आता सरळ एरर येते. तर जुनं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर नेलं की लोक काय करतात? ते सेटिंग शोधतात आणि बंद करतात. एरर गेली, काम झालं. मित्राचं म्हणणं, वर्षानुवर्षं चालत होतं ना. मी त्याला म्हटलं, बाप्पा, चालत होतं म्हणजे काय, गावाच्या एकूण थकबाकीपुढं कोणाचंही नाव छापत होतं. ते सेटिंग चालू राहू द्या आणि जिथं जिथं एरर येते ती प्रत्येक क्वेरी उघडून बघा. त्याच्याकडं अशा चाळीसेक क्वेरी निघाल्या आहेत. पंधरा झाल्या, बाकीच्या चालू आहेत. त्यातल्या एकीत काय सापडलं ते तो स्वतः पुढच्या भागात येऊन सांगेल म्हणाला.

लाईट जायच्या आत सेव्ह करतो. भेटू.